खंडेनवमीला पेशींचं जेवण

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो दुधनीच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंचा. आमच्या घरात दहावीपुढे कुणी शिकलं नव्हतं. बाईंनी वडिलांना शेतात गाठून मला सायन्सला घालायला लावलं. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. खंडेनवमीला बाई त्याची पूजा करायच्या, मग दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

आता मी सोलापुरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतो. गेल्या खंडेनवमीला बाई झेंडूची पिशवी घेऊन हजर! फुलांबरोबर बुरशी आत जाईल, म्हणून द्रव मोजून घ्यायची सगळी पिपेटं मी बाहेरच्या टेबलावर मांडली. बाईंनी एकूण एक पिपेटाला हळदकुंकू लावलं.

"आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"बाई, पेशींना आजच खुराक द्यायला हवा. त्या वाढतात तो गुलाबी द्रव खुराक संपल्यानं पिवळा पडलाय."

"मग हळद लागली म्हण की!"

"उपाशी राहिल्या तर उद्याची औषधाची चाचणी वाया जाईल."

"कॅन्सरला जेवू घालायला ठेवलंय व्हय रे तुला? अख्खं गाव नवरात्राचं उपाशी आहे. यांचेच लाड?"

बाईंचा शब्द मोडायची मला सवय नव्हती. तरी धीर केला. "या पेशी गाजरगवतासारख्या असतात, बाई. गाठ कापून काढली तरी काही चांगल्या मेंदूत घुसून बसतात, पुन्हा उगवतात. औषध त्यांना मारतं का, ते बघायचंय. पण आधीच भुकेनं अर्धमेल्या असतील, तर औषधाचं काय कळणार?"

बाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. "म्हणजे पैलवानाला उपाशी ठेवून चितपट केलं, तर ती कुस्ती नव्हे."

त्यांनी लगेच अक्षता टाकून पूजा हलवली. "झाली पिपेटांची विश्रांती. सरकारी नोकराला एवढी पुरते."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं :

"बाई, साष्टांग नमस्कार. त्या दिवशी पेशी पोटभर जेवल्या, दुसऱ्या दिवशी औषध दिलं. बऱ्याच मेल्या, काही चिवट निघाल्या. त्या का वाचल्या, ते आता शोधायचं आहे. पिपेटांवरचं कुंकू स्पिरिटनं पुसताना आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, 'पुढच्या वेळी बाईंना आधी मला भेटवा.' तेव्हा पुढच्या खंडेनवमीलाही या. एक पिपेट मात्र पूजेतून वगळू या. पेशी उपास धरत नाहीत."