फिल्टर बसवताना बॅटरी कोणी धरली

व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, व्हॅनच्या सीटखाली तो नवा डबा कसला? तो जादाचा ऑइल फिल्टर. इंजिनातलं थोडं थोडं ऑइल बाजूला घ्यायचं, त्यातली बारीक काजळी गाळायची आणि ते परत इंजिनात सोडायचं, एवढंच त्याचं काम. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत कोल्हारला जाऊन-येऊन आमच्या डिझेल व्हॅनचं ऑइल लवकर काळं पडतं, म्हणून आजोबांनी तो मागवला.

गाडीचं काम निघालं की आजोबा गाडीत डोकं घालून आणि मी शेजारी उजेडाला बॅटरी धरून, हे लग्नापासून ठरलेलं. त्यांनी मागायच्या आधी पाना मी पुढे करते. ती जागा माझी आहे.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, चारी बाजूंनी कोंडलेलं. डबा बसला, नळ्या लागल्या. राहिला एक पितळी जोड, इंजिनाच्या पाठीमागे, बोटांनी फिरवून बसवायचा. आजोबांचा हात मध्येच अडकला. माझाही जाईना, सांधे सुजलेत. मग त्यांनी भिंतीवरून हाक मारली, पलीकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला.

तिने वाकून पाहिलं. "हात जाईल, भावजी. पन मी बांगड्या न्हाई काढायची, आधीच सांगते."

हिरव्या काचेच्या, मनगटभर.

"अगं, तुझा रुमाल दे तिला," आजोबा मला म्हणाले.

माझा इस्त्रीचा रुमाल! तो बांगड्यांवर मीच गुंडाळला, जरा आवळूनच.

"जाऊबाई, हात हाय माझा, नळी न्हाई!"

आजोबा हसले. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"उजेड जोडावर पाडा की, माझ्या डोळ्यात काय पाडताय?"

"बसला? शाब्बास!" आजोबा म्हणाले.

इतकी वर्षं बॅटरी धरली, मला कधी शाब्बास म्हणाले नाहीत.

इंजिन सुरू केलं. मी खाली वर्तमानपत्र पसरून बघत बसले. त्यावर एक काळा थेंब पडला आणि मला फार बरं वाटलं.

"गळतंय," मी मोठ्यांदा सांगितलं. कोणी बसवलंय ते दिसतच होतं.

"बरं झालं बघितलंस," म्हणत आजोबांनी इंजिन बंद केलं आणि लगेच तिच्याकडे वळले. "गार झालं की अजून थोडं आवळशील का?"

म्हणजे गळतंय सांगून तिला पुन्हा कामाला मीच लावलं! इंजिन गार होईपर्यंत तिला चहाही मीच दिला. रुमाल पुन्हा गुंडाळला, हात पुन्हा आत गेला. या वेळी कागद कोरडा राहिला आणि तिला दुसरं शाब्बास मिळालं.

आता गाडीचं काही निघालं की आजोबा आधी भिंतीपाशी जातात. परवा ती म्हणाली, "तुमी बसा जाऊबाई, लई येळ उभं ऱ्हाता. बॅटरी पन मीच धरते."

मी दिली नाही.