चामड्यातल्या फेरासाठी हत्यारं

रविवार, जानेवारीतला शेवटचा. जागा: आमच्या बोईसरच्या घरातलं जेवणाचं टेबल. हजर: मी, शाळेच्या ऑफिसातली क्लार्क, नवरा, तारापूरच्या कारखान्यात फिटर, आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या वारली मावशी, ज्या वालाच्या शेंगा द्यायला आल्या आणि सोलत बसल्या. मुद्दाम न बोलावलेल्या: आमच्या शाळेच्या मोठ्या बाई. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि भेट त्यांच्यासाठीच होती.

शाळेच्या बैठकीत सगळ्यांचं भिंतीवरच्या घड्याळावर एकमत होत असताना मी म्हणाले होते, "घड्याळ नको. मी चामड्याची फाइल करते." तपकिरी चामड्यात तारपा-नाचाचा फेर आरपार कापायचा आणि मागून पांढरं कापड लावायचं, म्हणजे भिंतीवरच्या वारली चित्रासारखा उठून दिसेल. तोवर चामड्याला मी फक्त पॉलिश केलं होतं. पालघरच्या चपला शिवणाऱ्या काकांकडून तुकडाही एकच मिळाला. तो बिघडला असता, तर घड्याळवाल्यांनी मला वर्षभर "किती वाजले?" विचारलं असतं.

म्हणून आधी हत्यारांची परीक्षा. जुन्या दप्तराच्या पट्ट्यावर प्रत्येकाने एक डोकं, एक कंबर आणि एक पाय कापून दाखवायचा. वारली माणसाची कंबर म्हणजे दोन त्रिकोणांची टोकं. तिथे पातं जरा घसरलं की माणूस जाडा होतो.

काकांनी उसनी दिलेली चामडं कापायची रापी सरळ रेषेत लोण्यातून गेल्यासारखी चालली, पण वळण आलं की अडून बसली. कागद कापायच्या कटरचं पातं पहिल्याच पायात मोडलं. मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल पात्याने कंबर सुरेख केली, डोकं मात्र बटाट्यासारखं. मग नवऱ्याने त्याच्या खोक्यातून पंच काढला. नळीसारखा, टोकाला धार. वरून हातोडी मारली की टिकलीएवढं गोल भोक.

"अर्धा मिलिमीटर मोठं पडतंय," तो म्हणाला.

"बाई फाइल मोजणार नाहीत."

"मग फिटरला बोलावलंस कशाला?"

"बोलावलं नाही. तू इथेच राहतोस."

मावशींच्या हातातली शेंग खाली पडली, इतक्या त्या हसल्या.

निकाल: डोक्यांना पंच, बाकी अंगाला सर्जिकल पातं, रापी मानाने परत. अठरा नाचणारे, हातात हात. तीन वाजेपर्यंत सतरा कापून झाले, मी केलेल्या यादीत सतरा खुणा. अठराव्याच्या हातावर पातं टेकवलं आणि मावशी ओरडल्या, "ओ बाई, ह्यो हात कापू नका!"

"का? एवढाच तर राहिलाय."

"म्हनून तर! कापला की मधला सगळा गोल खाली पडंल."

नवऱ्याने तुकडा उचलून धरला. मधलं सगळं चामडं बोटभर पट्टीवर लोंबत होतं. सकाळपासून अर्धा मिलिमीटर शोधणाऱ्या माणसाने तो अलगद टेबलावर ठेवला.

"आन् आमी फेर असा बंद नाय करत," मावशी म्हणाल्या. "शेवटच्याचा हात मोकळा ऱ्हातो. मागून कोन आला तर तो कुठं धरंल?"

फेर मी कंपासने आखला होता, शेवटचा पहिल्याला नीट चिकटवून. सगळ्या हत्यारांत परीक्षेला बसवायचा राहिला होता तो कंपासच.

अठराव्याचा हात आखूड करून मोकळा सोडला. मधला तारपा वाजवणारा मात्र पेन्सिलीतच राहिला. त्याच्या लांब, बाकदार वाद्यासाठी पंचही चालेना आणि पातंही. त्यात मावशींचं मत पडलं, "ह्यो तारपा नाय, दुधी हाय."

शुक्रवारी फाइल तशीच दिली. घड्याळाचं नाव कुणी काढलं नाही. पण सोमवारी बाई स्वतः ती घेऊन दारात हजर. "अगं, नाचणारे कधीचे उभे आहेत. वाजवणारा कधी येणार?"

फाइल परत माझ्या टेबलावर आहे. तारपा मावशींनी नव्याने काढून दिलाय. त्याच्या बाकासाठी हत्यार अजून ठरायचंय.