घटाच्या मातीतला करंडक

तिसऱ्या माळेची सकाळ होती. तरवडाची पिवळी फुलं सुपात, सुईत दोरा, आणि माळ अर्ध्यावर आलेली. माळ ओवताना नामाशिवाय दुसरं काही तोंडातून काढायचं नाही, हा सत्यशीलाचा नेम. पण दारात पांढरी गाडी थांबली, तिच्यातून तेजश्री उतरताना दिसली, आणि नाम राहिलं बाजूला, सत्यशीलाच्या तोंडून "मेले" एवढंच निघालं. देवीनं ते ऐकलं असणार. ती हाताच्या अंतरावर बसलेली होती.

ही तेजश्री म्हणजे नांदूरघाटच्या शाळेतल्या मुलींच्या ढोल पथकाची म्होरकी. तोंडात शिट्टी घालून सगळ्यांच्या पुढं चालायची. आता अंबाजोगाईत असते, मालक विजयसिंह राजकारणात, त्यामुळे शिट्टी गेली नि माइक आला, एवढाच फरक. तिच्या मागून यशोधरा उतरली. ती ताशा वाजवायची. आता दवाखान्यात नर्स आहे आणि बोलतेही ताशासारखीच. सत्यशीलाकडे मोठा ढोल असायचा. तिचा हात गोड होता म्हणून नव्हे, वर्गात तेवढं ओझं पेलणारी ती एकटीच होती म्हणून. अजूनही ती भाकरी थापायला बसली, की शेजारच्या बाया आवाजावरून ओळखतात, आज स्वारी खुशीत आहे का सासूनं काही म्हटलंय.

गाडीतून तिसरे उतरले ते शाळेचे नवे मुख्याध्यापक रामप्रसाद सर. ते कशाला आलेत हे सत्यशीलाला घटस्थापनेआधीच फोनवर कळलं होतं. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून सातव्या माळेला मोठा कार्यक्रम होता, आणि मंचावर मधोमध ठेवायला त्यांना करंडक हवा होता. ढोल पथकाच्या पोरींनी जिल्ह्याच्या स्पर्धेत मिळवलेला. 'जिल्ह्यात प्रथम' असं स्मरणिकेवर मोठ्या अक्षरांत घालायचंही ठरलं होतं.

आणि करंडकावर तर कोरलेलं होतं 'द्वितीय क्रमांक'.

यात पोरींनी मुद्दाम कुणाला फसवलं, असं नव्हतं. अंबाजोगाईला स्पर्धेच्या दिवशी रिमझिम लागली. ओलाव्यानं ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, सैल पडलं. थाप मारली की भिजलेली गोधडी बडवल्यासारखा आवाज. सैल पान शेकून ताणायचं असतं, एवढं सत्यशीलाला माहीत होतं. कशावर शेकायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मैदानाबाहेरच्या भज्याच्या गाड्यावर जाऊन कढई उतरवायला लावली आणि ढोल भडकत्या शेगडीवर धरला. पान असं ताठ झालं, की नुसतं बोट लावलं तरी बोलायला लागलं. ऐन रंगात आल्यावर ते टरकन फाटलं आणि काठी धरलेला तिचा हात कोपरापर्यंत ढोलात गेला. तिनं हात उपसून काढला आणि ढोलाच्या लाकडावरच ठेका धरला. लोकांना वाटलं, ही काही नवीच चाल आहे, टाळ्या पडल्या. परीक्षकांना तसं वाटलं नाही. आष्टीकडच्या पोरी पहिल्या आल्या.

परतीच्या वाटेवर गाडी बंद पडली, आणि गावातला एक जण फटफटीवर पुढं जाऊन सांगून मोकळा झाला, की पोरींनी कप आणला. कितवा, हे गावानं विचारलं नाही. पोरी वेशीत पोचल्या तेव्हा गुलाल तयार होता, आणि सरपंच ट्रॅक्टरवर उभं राहून "जिल्ह्यात पहिल्या" म्हणून सांगत होते. पथकाच्या सरांनी एकदा सरपंचांकडे बघितलं, एकदा करंडकाकडे, आणि अक्षरांवर हात ठेवला. पोरींच्या तोंडात पेढे होते, बोलणार कोण.

शाळेची पत्र्याची खोली गळते म्हणून सरांनी करंडक सत्यशीलाच्या घरी ठेवायला दिला, पावसाळा सरेपर्यंत. तसे पुष्कळ पावसाळे सरले. सर बदलून गेले. सत्यशीलाचं लग्न गावातल्या गावातच झालं आणि करंडक रुखवतात मांडला गेला, चकल्यांच्या मनोऱ्यामागं, अक्षरं भिंतीकडं करून. सासू कौशल्याबाईंनी पोरगी पसंत केली ती त्या गुलालातच. रंग सावळा, उंची नवऱ्याच्या बरोबरीची, पण जिल्ह्यात पहिली. तेव्हापासून बारशात, बाजारात कुणाच्या सुनेचं कौतुक निघालं, की कौशल्याबाई सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "असंल. आमची जिल्ह्यात पहिली हाय."

त्या म्हातारीची मान भर मांडवात खाली जाऊ नये, एवढंच सत्यशीलाला हवं होतं. म्हणून घटस्थापनेच्या सकाळी तिनं घरात जाहीर केलं, की घटाचं मडकं तडकलं आणि आता नवं आणायला वेळ नाही. करंडक चिंचेनं घासला, टोपलीत काळी माती नि गहू पसरले, त्यात तो कानांपर्यंत पुरला, पाणी भरलं, विड्याची पानं लावून वर नारळ ठेवला. अक्षरं मातीखाली गेली. मग तिनं देवीपुढं नाक घासून सांगितलं, आई, तुझी सेवाही होईल नि माझी सोयही, राग मानू नको.

सर देवघरापाशी आले. मातीतून गव्हाचे कोंब डोकावत होते, आणि दोन चकचकीत कान. सरांनी वाकून हात पुढं केला.

"हात न्हाई लावायचा, सर," सत्यशीला म्हणाली. "घट बसलाय. दसऱ्यापर्यंत जागचा हलवत न्हाईत."

सरांनी मोठ्या आशेनं तेजश्रीकडं बघितलं. आता ही चांगली झापणार, असं सत्यशीलालाही वाटलं. पण तेजश्रीनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, देवीपुढं आपण कोण. राहू द्या, मंचावर नुसता उल्लेख करू. सर हिरमुसले. तेवढ्यात त्यांना फोन आला नि ते बोलत बोलत अंगणात गेले.

तिघी स्वयंपाकघरात शिरल्या. तेजश्रीनं दार पुढं ओढलं.

"सत्ये, अक्षरं पुरती मातीत गेलीत ना गं?"

सत्यशीलाच्या हातातली चहाची गाळणी तशीच अधांतरी राहिली. ही गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, बाकीच्या गुलालात विसरून गेल्या, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. तेजश्री म्हणाली, विसरते कशी, पण इतक्या भाषणांत पहिला सांगितलाय, की आता दुसरा म्हणायला जीभच वळत नाही. सरांबरोबर ती आली होती तीच मुळी करंडक सापडू नये म्हणून. यशोधराचं निराळंच. तिनं नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं होतं.

"साहेबानं ईचारलं, काही बक्षीस? मी म्हणलं, ताशा, जिल्ह्यात पहिली. आता काढतील का गं मला?"

"ताशाकडं बघून कुणी सुई टोचायला ठेवतं व्हय?" तेजश्री म्हणाली.

मग तिघींना असं हसू लोटलं, की चहा उतू गेला. यशोधराच्या मते नंबर गेला तो तेजश्रीमुळं. ढोल फाटल्याबरोबर हिच्या तोंडात शिट्टी आडवी झाली आणि पुढची सगळी चाल नुसत्या हवेवर गेली. तेजश्रीच्या मते ताशानं घाई केली नसती, तर ढोलाला तेवढं बडवावं लागलं नसतं. आणि भज्याच्या शेगडीचं नाव निघाल्यावर दोघी एक झाल्या. गावात पहिला नंबर आल्यामुळं इतक्या वर्षांत या भांडणाला तोंडच फुटलं नव्हतं. सगळं साचून राहिलेलं.

सर आनंदानं आत आले. पाहुण्यांना सातव्या माळेला सवड नाही. कार्यक्रम दसऱ्याच्या पुढं गेला. म्हणजे तोवर घट उठलेले, करंडक मोकळा. देवीनंच सोय केली म्हणायची, असं सर म्हणाले.

सत्यशीला सुपापाशी जाऊन बसली, तर फुलात सुई जाईना.

कौशल्याबाई तिथंच बाजेवर सुपारी कातरत होत्या. अडकित्ता न थांबवता त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पुस्तकात नीट छापा. दुसरा नंबर हाय."

सत्यशीलाच्या हातून सुई सुटली. "आत्या, तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? तूच वाचायला शिकवलंस." हे खरं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा शिकलेली सून म्हणून सत्यशीलानंच गल्लीतल्या बायांना बाराखडी शिकवली होती, आणि सासू पहिल्या रांगेत बसायची. "पाठ झाल्यावर घरात वाचायला दुसरं काय व्हतं? एक मिठाचा पुडा, एक तुजा कप. मीठ एका दिसात वाचलं. ह्याला मेलं जोडाक्षर. आठ दिस लागले."

"मग बोलला कावून न्हाईत?"

अडकित्ता आता थांबला. "तवर चार गावांत पहिली सांगून बसलते ना. कोणत्या तोंडानं फिरवू?" मग सुपारीचं खांड तोंडात टाकत, "ते पिठाच्या डब्यामागचं मडकं धड हाय. पुढच्या सालाला कामी येईल."

यशोधरा पदरात तोंड घालून हलत होती. सरांना सगळी हकिकत सांगावी लागली, शेगडीपासून सरपंचांपर्यंत. सांगताना तिघी एकमेकींना खोडत होत्या आणि कौशल्याबाई तिघींना. सगळं ऐकून सर म्हणाले, छपाई अजून व्हायची आहे, दुरुस्त करून घेतो. पण मग ही गोष्ट मंचावर तेजश्रीताईंनीच सांगायची. तेजश्री म्हणाली, नवऱ्याच्या माणसांपुढं मी कशी सांगू.

"सांगू नका," कौशल्याबाई म्हणाल्या. "वाजवून दावा. दुसरा नंबर कसा असतो ते कळू द्या लोकांला."

यावर यशोधरानं तिथंच पितळी ताट पालथं घातलं नि दोन चमच्यांनी सुरुवात केली. तिची घाई अजून गेलेली नव्हती. तेजश्रीनं ओठांचा चंबू करून शिट्टी मारली, आणि मधेच थांबून म्हणाली, "ए, ढोल कुठं हाय?" सर म्हणाले, शाळेच्या अडगळीत एक मोठा ढोल पडलाय, वरचं पान मात्र फाटलेलं.

गाडी गेली. सत्यशीलानं खाली पडलेली सुई शोधली, राहिलेली फुलं ओवली, माळ घटाच्या वर बांधली आणि देवीला हात जोडले. राग मानलास का, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मागून सासूचा अडकित्ता पुन्हा सुरू झाला, तोही ठेक्यात, तेव्हा तिनं विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि पायात चपला सरकवल्या. आता शाळेतून ढोल उचलून आणायचा आणि पान चढवायला खालच्या आळीत ढोल मढवणाऱ्या सुग्रीवकडं टाकायचा होता.