नऊ तास चाळीस मिनिटं

कचेरीत त्याला सगळे किलोमीटरराव म्हणायचे. तेवीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देत होता, पण स्वतः कधी विमानात बसला नव्हता. जगातल्या कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, अंतर आणि वेळ त्याच्या जिभेवर हजर.

त्याची ताई सात हजार आठशे किलोमीटरवर राहायची. फोनवर ती दरवेळी विचारायची, "किती लांब आहे रे मी?"

"नऊ तास चाळीस मिनिटं. थेट विमानाने."

"मग ये की! का मुहूर्त काढून ठेवू?"

तो हसण्यावारी न्यायचा. तिच्या आग्रहाखातर पासपोर्ट-व्हिसा मात्र काढून ठेवला होता.

मंगळवारी दुपारी बारा वाजता भाच्याचा फोन आला. "मामा, डॉक्टर म्हणतात, आईचं काही खरं नाही. लगेच निघ."

त्याने पडद्यावर पाहिलं. चार वाजता एक विमान होतं. वाटेत दोनदा बदलायचं, बावीस तास. दुसरं थेट, उद्या सकाळी आठ वीसला. नऊ तास चाळीस मिनिटं. बोटांना सवयच तशी. गिऱ्हाइकाला तो नेहमी सांगायचा, "कमी तासांचं घ्या, उगाच हाल कशाला?" त्याने थेट विमान घेतलं.

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "पण काका, चारचं आधी पोचतंय ना?"

"अगं, बावीस तास लटकायचं? चारच तासांचा तर फरक."

घरी जाऊन त्याने बॅग भरली, दाढी केली. रात्री झोपलाही. चांगली गाढ झोप लागली, हे त्याला पुढे विसरता आलं नाही.

बुधवारी, घरच्या घड्याळात संध्याकाळी सहा वाजता, विमान उतरलं. भाचा एकटाच उभा होता. डोळे सुजलेले.

"कधी?" त्याने विचारलं.

"दीड तास झाला."

कालचं चारचं विमान चार तासांपूर्वीच उतरलं असतं. तिथून इस्पितळ पाऊण तासावर. हिशेब त्याने केला नाही, तो आपोआप झाला.

"शेवटपर्यंत शुद्धीत होती," भाचा म्हणाला. "सारखी विचारायची, किती राहिलं? मी सांगायचो, पाच तास, चार तास. म्हणाली, तो सांगेल तेवढेच लागतील, त्याचं कधी चुकत नाही."

किलोमीटरराव खाली बघत राहिला. बुटांना त्याने सकाळी पॉलिश केलं होतं.

"रडू नकोस, मामा. मिळालं ते पहिलं विमान पकडून आलास. अजून काय करणार होतास?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने मान हलवली, होय अशी, आणि बॅग उचलली.

"दे, मी घेतो," भाचा म्हणाला.

"नको. जड नाही."