गायकवाड मॅडमची सुटका

सर्व्हर रीस्टार्ट केला की गायकवाड मॅडम कीबोर्ड पुढे ढकलायच्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसायच्या. लॉगिनची ओळ येईपर्यंत चहालाही नाही म्हणायच्या. बिबवेवाडीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नवीन होतो. विचारलं, "मॅडम, तोवर दुसरं काही करू या का?"

"करा की. मशीन उठलं नाही तर पेशंटना तुम्ही सांगा."

मशीन उठतं कसं, हे त्यांनीच मला शिकवलं. सगळा संसार डिस्कवर असतो, पण सुरुवातीला लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ती डिस्क वाचताच येत नाही. म्हणून आधी फायलींचं एक छोटं गाठोडं, म्हणजे इमेज, मेमरीत येते, इनिट्रॅमएफएस. तिच्यापाशी मोजकी हत्यारं आणि डिस्कशी बोलायला लागणारा ड्रायव्हर. ती डिस्क शोधते, त्यावरची रूट फाइलसिस्टिम, म्हणजे तो सगळा संसार, माउंट करते म्हणजे जोडून घेते, कारभार तिच्या हवाली करते आणि स्वतःला पुसून टाकते.

"शहाणी आहे," मॅडम म्हणायच्या. "काम झालं, निघाली. तिला कुणी थांबा म्हणत नाही."

मॅडमना म्हणत होते. येरवड्याच्या घरी त्यांचे मिस्टर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्यापाशी राहायचं म्हणून मॅडमना नोकरी सोडायची होती. पण विषय काढला की लॅबचे डॉक्टर म्हणायचे, "तुमच्याशिवाय चालायचं कसं? हाताखालचा माणूस तयार झाला की बघू." तो हाताखालचा माणूस म्हणजे मी. मला याचं फार ओझं वाटायचं.

मग जुना सर्व्हर बदलायची वेळ आली. त्यातल्या डिस्क काढून नव्यात बसवल्या, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं की रूट सापडत नाही. बाहेर उपाशीपोटी आलेले पेशंट ताटकळत होते. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघा ना."

मॅडमचे हात मांडीवरच. "हे बघतायत."

मी डिस्क पुन्हा बाहेर काढायला निघालो.

"डिस्क बरी आहे हो. इमेज कुठल्या मशीनवर बनली?"

जुन्यावर. मग उजेड पडला. त्या इमेजमध्ये जुन्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर होते. नव्या मशीनचा डिस्क कंट्रोलर तिच्या ओळखीचाच नव्हता. मी मेनूतून सगळे ड्रायव्हर असलेली बचावाची इमेज निवडली, मशीन उठवलं, तिथेच नवी इमेज बनवली आणि रीस्टार्ट केलं. मग कीबोर्ड पुढे ढकलून आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो.

लॉगिनची ओळ आली. मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "मी हात लावलेला नाही, बघितलंत ना? आता मला सोडा."

डॉक्टर "बरं" म्हणून पेशंटना आत बोलवायला गेले.

जायच्या दिवशी डबा पिशवीत घालताना मला म्हणाल्या, "अडलं तर फोन करा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही करालच."

मी अजून केलेला नाही. पुष्कळदा नंबर काढतो. पण त्या मिस्टरांना भरवत असतील असं वाटतं, आणि फोन खाली ठेवतो.

परवा धायरीला घरी निघालो होतो. डॉक्टरांनी जिन्यात थांबवलं, पाठीवर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "तुमच्याशिवाय आमचं चालायचं कसं हो?"

मी हसलो. आणि मॅडम किती दमल्या होत्या, ते मला तिथे जिन्यात कळलं.