तीन पोरांत तीन पाकिटं

भिमाबाई हरसूलजवळच्या पाड्यावरची. परदेशातल्या देणग्यांवर चालणाऱ्या आमच्या संस्थेत ती घरोघर जाऊन, कुपोषण ओळखायला, पोरांचे दंड मोजते आणि मी तिची गाडी चालवतो. जीभ अशी तिखट, की पाहणीला आलेल्या साहेबांनाही "आधी चपला काढा" म्हणून सुनावते.

त्या दिवशी चंद्रभागाच्या घरात तिने तिच्या दोन वर्षांच्या लेकीच्या, आरोहीच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळली. सलग तिसऱ्या आठवड्यात पट्टी लाल रंगावरच, म्हणजे पोर अतिकुपोषित. पोर तापाने फणफणलेली. संस्थेच्या पाकिटातला शेंगदाण्याचा गोड लगदा ओठांना लावला, तरी तोंड उघडेना. आता नाशिकचं हॉस्पिटल गाठायचं, तेही लगेच.

"हिच्यासाठी रोजची तीन पाकिटं दिली होती ना गं? गेली कुठं?" भिमाबाई कडाडली.

चंद्रभागाने मान खाली घातली. "तीन पोरं हायेत, ताई. एकेक दिलं. हिलाच चारू, नि बाकीची दोघं टकामका बघत बसतील? जीव होत नाय."

घरात पोरं किती, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणी विचारलंच नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"चल, गाडीत बस," भिमाबाई तिला म्हणाली.

"नाय येत. मालक निफाडला द्राक्षाच्या कामावर. या दोघांना कुणाच्या जिवावर टाकू?" तिने आरोहीला उराशी घट्ट धरलं.

पोरीचा श्वास भराभर चालला होता. मी बाहेर जाऊन दोनदा हॉर्न वाजवला. तो वाजवायला नको होता. चंद्रभागा आणखीच आत सरकली.

भिमाबाईने पदर खोचला आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसली. "माझ्या जिवावर टाक. तू येईस्तोवर मी हितंच." मग दारातून माझ्यावर डोळे वटारले, "आन् तू काय बघतोस? हाण गाडी!"

चंद्रभागा उठली. घाटात प्रत्येक वळणावर मी आरशात बघत होतो, पोरीचे डोळे उघडे आहेत का.

भिमाबाई त्या घरातून हलली नाही. ऑफिसातून विचारणा झाली, तर म्हणाली, "रजा मांडा."

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलातून तिला फोन लावला. माझ्या मागे आरोहीने टाहो फोडला होता. भिमाबाईचा आवाज चिरकला, "काय झालं रे पोरीला?"

"भूक लागलीय. पाकीट संपलं, दुसरं मागतेय."

मग हुंदका आवरत ती म्हणाली, "फोन ठेवू नको. रडू दे तिला. मला ऐकू दे."