फौजदाराच्या खिशातला खडू

लेक झोपली आहे, पण तिचा श्वास मला या खोलीत ऐकू येतोय. झोपलेल्या माणसाचा श्वास असा धावतो का? पाठीशी दोन उशा घेऊन ती बसल्यासारखीच झोपली आहे. आडवं झालं की छातीत धडधडतं म्हणे. लिहिलं की डोकं ठिकाणावर येतं, म्हणून लिहितेय.

ती कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. दिवसभर उंच टेबलाशी उभं राहून कापडावर खडूनं आखायचं आणि कापायचं. तिच्या हातून कापड वाया जात नाही आणि तिच्या तोंडापुढे कुणी टिकत नाही. म्हणून कारखान्यात तिला सगळे फौजदार म्हणतात, मालकसुद्धा. मालकांना सगळे मास्तर म्हणतात.

मध्यंतरी जिन्यात तिला चक्कर आली, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. पाळीत फार रक्त जातं, हे मला तिथं कळलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, "बारा तरी हवं. अकरा ते बारा असेल तर सौम्य, आठ ते अकरा म्हणजे मध्यम. आठच्या खाली गेलं की तीव्र. रक्त कमी पडलं की हृदयाला दुप्पट राबावं लागतं. बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका." मग तिच्याकडे वळून विचारलं, "माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटतं? अंगात लोह कमी पडलं की वाटतं तसं."

"छे! मी काय रांगतं बाळ आहे?" फौजदार हसली.

बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, "मध्यम ना? म्हणजे मीडियम साइज. सगळ्यांना बसतो, आई. तोंड पाडू नकोस."

लोहाच्या गोळ्यांनी पोटात कळ येते म्हणून थोड्याच दिवसांत त्या बंद झाल्या. पुन्हा रक्त तपासू म्हटलं, की "हे काम संपू दे." मुख्य कटरची जागा रिकामी झाली आहे. आपण आजारी दिसलो तर ती दुसऱ्या कुणाला जाईल, ही तिची भीती. "मास्तरांच्या कानावर गेलं तर बघ," अशी मला तंबी.

परवाच जेवताना सांगत होती, मास्तर म्हणाले, "फौजदार, एवढे खडू जातात कुठे? खातेस की काय?" आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

आज तिचा एप्रन धुवायला घेतला. खिशात खडूचे तुकडे निघाले, पांढरे, निळे. दिव्याखाली धरले, तर प्रत्येकाच्या कडेला बारीक दातांच्या खुणा.

मी तशीच तिच्या उशाशी गेले. ओठ कागदासारखे पांढरे. चाहुलीनं जागी झाली.

"झोप ना... आई," म्हणाली. एवढं बोलायलाही तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. लगेच डोळे मिटले.

नऊ होतं ते तेव्हाचं. आज किती असेल, कोण जाणे. पण धाप लागली तर काय करायचं, ते मला स्वच्छ सांगितलेलं आहे. ती चिडेल, माझ्याशी अबोला धरेल. मास्तरांना कळेल, कदाचित जागाही जाईल. जाऊ दे. त्या टेबलाशी उभं राहायला आधी ती हवी.

पेन ठेवते. दवाखान्यात फोन लावते. आत्ताच.